खेमलालचे अकरा ठिपके

कराड स्टेशनावरून एक गाडी जाते, तिच्या डब्यांवर 'कोल्हापूर–गोंदिया' अशी पाटी असते. गोंदिया या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे. मी पाच वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत माझे वडील तिकडे होते. गोंदियाजवळच्या गोरेगावात एका राइस मिलच्या वर्कशॉपात ते फिटर होते आणि वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात, घरी यायचे. यंदा नोव्हेंबरात, साठीला टेकल्यावर, मी पहिल्यांदा त्या गाडीत बसले.

जायचं कारण सांगते. मला जुने व्हाइस जमवायचा नाद आहे. व्हाइस म्हणजे टेबलाला बोल्टने आवळलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की तो वस्तू घट्ट धरतो, मग ती कापा किंवा कानशीने घासा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि भंगारवाल्यांकडे फिरू लागले. आणलेला व्हाइस साखर कारखान्याच्या मळीत पाणी घालून पंधरा दिवस बुडवायचा, गंज सुटला की तारेच्या ब्रशने घासायचा, जबडे ग्राइंडरवर सपाट करून आणायचे आणि हिरवा रंग द्यायचा. असे एकोणीस झाले आहेत. आमच्या घरात माणसं दोन आणि जबडे एकोणीस, असं आमचे हे येईल त्या पाहुण्याला सांगतात.

पहिला नवा केला तो अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, घरचाच. पण अप्पा आयुष्यभर ज्याच्याबद्दल बोलले तो व्हाइस गोरेगावात होता, आणि त्याच्याहून जास्त ते खेमलालबद्दल बोलले. खेमलाल हा मिलमधला त्यांचा शागीर्द, माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठा. अप्पा कायमचे परत आले आणि कारखान्याच्या वर्कशॉपात लागले, तरी ताटावर बसले की सुरू व्हायचे, "खेमलालचा हात बघायला हवा होता." भाजीत मीठ कमी पडेल, पण आमच्या जेवणात खेमलाल कधी कमी पडला नाही. मी व्हाइसजवळ गेले की मात्र अप्पा एवढंच म्हणायचे, "बोट जाईल. लांब हो."

अप्पांच्या ट्रंकेत खेमलालचं एक जुनं कार्ड सापडलं. मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं, फोन नंबर दिला. आठ दिवसांनी फोन आला, "मी खेमलाल बोलून राहिलो." मिल कधीच बंद पडली होती, पण व्हाइस त्याने स्वतःच्या वर्कशॉपात आणला होता. "हाय ना. जाते कुठं?" म्हणाला. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. तो व्हाइस मला हवा होता. खरं सांगायचं तर, तो त्याच्याकडे राहायला नको होता.

प्रवास पुरा एक दिवस आणि वर थोडा. वर्ध्याच्या आसपास डबा काढायला पिशवी उघडली तर गंज सोडवायच्या तेलाची बाटली आत उलटलेली. गोरेगावच्या व्हाइसचे बोल्ट अडले तर असावी म्हणून घेतली होती, तिने दहा चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी गिळली. नागपूरला पोहे आणि वर ओतलेली चण्याची तर्री खाल्ली. तर्री इतकी जाळ होती की डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे भंडाऱ्यानंतर मुलूख बदलतो. आमच्याकडे ऊस माणसाला झाकतो, इथे नजर लांबवर जाते. भाताच्या बांध्या (बांध घातलेले लहान लहान तुकडे), काही कापलेल्या, काही पिवळ्या उभ्या, मधेच एखादी बोडी (छोटं तळं) आणि तिच्या काठाला स्तब्ध बगळे. तिरोड्याला वीज केंद्राच्या चिमण्या बराच वेळ सोबत करतात. समोरच्या बाकावर तिरोड्याला उतरणारी एक म्हातारी होती.

"गोंदियाले कोण हाय तुमचं?" तिने विचारलं.

"माझ्या वडिलांचा शागीर्द आहे, गोरेगावला."

"मंग भाऊच झाला जी तुमचा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून दाराकडे गेली. मला ते अजिबात आवडलं नाही.

गोंदिया स्टेशनाबाहेर सगळं हिंदीत. रिक्षावाल्याला मराठीत विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं, "बस स्टैंड छोड़ दूँ, मैडम? गोरेगांव की गाड़ी वहीं से मिलेगी." एसटीत धानाचा भुसा सगळ्यांच्या कपड्यांवर होता. रस्त्यावर गावोगावी मंडईचे (दिवाळीनंतरच्या जत्रेचे) आणि रात्रीच्या नाटकाचे फलक लागलेले.

खेमलालचं वर्कशॉप बस स्टँडच्या मागे, पत्र्याचं. बाहेर धान मळायची दोन यंत्रं उभी आणि मोडके भाग हातात घेतलेले चार शेतकरी बसलेले. आत सागाच्या जाड ओंडक्यावर तो व्हाइस आणि त्याच्यापुढे पाठमोरा एक उंच, वाळका माणूस कानस चालवत होता. डावा पाय पुढे, उजवी कोपर अंगाला टेकलेली, आणि प्रत्येक ओढीला मान किंचित डावीकडे.

मी दारातच थांबले. ते माझे अप्पा होते. माझ्याकडे त्यांचं नाक आलं, भावाकडे टक्कल आलं, पण ते उभं राहणं आमच्या घरात कोणाकडेच आलं नाही. ते बाराशे किलोमीटरवर एका परक्या माणसाच्या अंगात जाऊन बसलं होतं, आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती. माझा असा जळफळाट झाला की हातातली पिशवी आपटावीशी वाटली.

तो वळला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "या जी बाई. वळखू आल्या. मिस्त्रीचंच नाक हाय." आणि परत कानशीकडे वळला. "येवढी पिन होऊ द्या. याचं धान बाहेर पडलं हाय."

मी बसले आणि व्हाइस न्याहाळला. इकडे त्याला बांक म्हणतात. अवस्था वाईट होती. रंग नाही, दांडा वाकलेला, जबड्याच्या कडेला करवतीचे चरेच चरे आणि वर गंजाने खाल्ल्यासारखे खड्डे. मनातल्या मनात मी तो मळीत बुडवलासुद्धा. पिन झाल्यावर मी फोन काढून माझ्या घरच्या व्हाइसचा फोटो दाखवला, हिरवागार, जबडे लखलखीत.

"नवा घेतला?"

"नाही. अप्पांचाच. मी नवा केला."

"आरशावानी केला जी," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं.

मग मी धीर करून मुद्द्यावर आले. हा मला द्या, मी असाच करीन, जबडे घासून सपाट करीन, एक खड्डा ठेवणार नाही. खेमलालने जबड्यावर तळवा ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"घासू नोका, बाई. खड्डे नोहत ते. टिपके हायेत, मिस्त्रीनं मारलेले."

त्याने फडक्याने तेल पुसलं आणि माझं बोट धरून एकेका चऱ्यावरून फिरवलं. शिकताना करवत घसरली आणि जबड्याला लागली की अप्पा शिवी देत नसत, मारत नसत. सेंटर पंच (लोखंडावर खूण पाडायचा टोकदार खिळा) घ्यायचे, त्या चऱ्याशेजारी टोक ठेवायचे आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचे. एक चूक, एक ठिपका. बोलणं नाही.

"पण इथे कितीतरी चऱ्यांजवळ ठिपकाच नाही," मी म्हटलं.

"ते दुसऱ्या पोट्ट्यायचे. त्यायच्याकडे मिस्त्री पाहतच नोहते. ज्याले शिकवाचं, त्याच्याच चुका मोजाच्या, असं म्हणत. हे अकरा माहे." मग जरा हसला. "मले सांगत, खेमलाल, तुह्याशिवाय कोणाचे मोजले नाही."

सात वर्षांत अकरा ठिपके. मला वाटलं, माझ्या वाट्याला काय आलं? "बोट जाईल, लांब हो." या माणसाच्या चुकासुद्धा अप्पांनी जपून ठेवल्या होत्या. मला काहीतरी बोलून त्याला खाली ओढायचं होतं. म्हणून मी फोनमधला दुसरा फोटो काढला, दुरुस्तीच्या आधीचा, आणि म्हटलं, "आमचाही असाच होता. गंजाने खाल्लेला. घासल्याशिवाय इलाजच नव्हता."

खेमलालने फोन हातभर लांब धरला. मग अंगणात उन्हात गेला. "मोठा करून द्या," म्हणाला. मी बोटांनी फोटो मोठा करून दिला. तो ओठ हलवत राहिला, एकदा, आणि परत पहिल्यापासून.

"चौदा," तो म्हणाला. "घरी कोणाले शिकवत होते मिस्त्री?"

"कोणालाच नाही."

"करवत तं कोणी चालवलीच हाय."

मी ती गोष्ट कोणाला सांगितलेली नव्हती. अप्पा कारखान्यात पाळीला गेले आणि आई दुपारी आडवी झाली की मी मागच्या पडवीत जायची. दांडा कुठल्या बाजूला होता ते पाहून ठेवायची. भिंतीचा हूक, कडीची खीळ, पितळेच्या पत्र्याचा एक बदाम, असलं काहीबाही कापायची, घासायची. मग लोखंडाचा कीस आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसून दांडा होता तसा करून ठेवायची. चार वर्षं.

"मी चालवायचे," मी म्हटलं. "चोरून. अप्पांना माहीत नव्हतं."

"माहीत नोहतं, मंग टिपके काय उंदरानं मारले?"

बाहेर बसलेला एक शेतकरी हसला. मला हसता आलं नाही. खेमलाललाही आलं नाही. तो आत गेला, बांकात एक कांब आवळली आणि गरज नसताना जोरजोराने घासायला लागला. बऱ्याच वेळाने मान वळवून म्हणाला, "माह्याहून तीन जास्ती. अन मले म्हणत, तुह्याशिवाय कोणी नाही." सत्तरीला आलेल्या माणसाचा चेहरा दुखावलेला होता. आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. वर्गात पहिलं आल्यासारखा आनंद, चुकांमध्ये का होईना.

तो आनंद कांब घासून होईपर्यंत टिकला.

"घेऊन याचा होता, बाई, तुमचा बांक," तो म्हणाला. "बोट फिरवून पाह्यलं असतं."

बोट फिरवायला आता काही उरलंच नव्हतं, सगळं ग्राइंडरवर गेलं होतं. त्याने फोन परत मागितला. हिरवा फोटो पाहिला, मग आधीचा, मग परत हिरवा. जबडे आरशासारखे. तो मघाशी ज्याला चांगलं म्हणाला होता तेच आता तो बघत होता. त्याने फोन माझ्या हातात दिला, अगदी हळू.

त्याची बायको फुलवंता जेवायला बोलवायला आली. दोघं आपसात पोवारी बोलीत बोलली, मला तुटक कळलं. मोकळा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, कोचईच्या (अळूच्या) पानांच्या वड्या आणि वर भरपूर सांबार (कोथिंबीर). फुलवंताने तीनदा वाढलं आणि दरवेळी विचारलं, "काऊन जेवत नाही?" खेमलाल खाली मान घालून जेवला.

जेवण झाल्यावर त्याने पाना घेतला आणि बांकाचे बोल्ट सोडायला बसला. "न्या. तुमच्या बापाचा हाय."

"राहू द्या," मी म्हटलं. "लोक खोळंबलेत." ते खरंच होतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तो घरी आणून त्याचे अकरा शाबूत ठिपके रोज बघणं मला झेपलं नसतं.

निघताना मी विचारलं, "ठिपके मारायचा तो पंच?"

त्याने भिंतीच्या खिळ्यावरून तो काढून दाखवला. निघायच्या दिवशी अप्पांनी त्याला दिलेला, करंगळीएवढा, डोकं ठोकून ठोकून पसरलेलं. मी हातात घेतला आणि परत केला. सगळा बांक द्यायला निघालेल्या या माणसाने पंच मात्र खिळ्याला न लावता खिशात घातला.

परतीच्या गाडीत मी तो आधीचा फोटो पुन्हा पुन्हा मोठा करत होते. चौदा चरे, चौदा ठिपके. व्हाइस नवा करताना सगळ्यात आधी तेच चरे घालवले होते, कारण ते माझे होते आणि ते कोणी पाहू नयेत असं चाळीस वर्षांनंतरही वाटत होतं. अकोल्याच्या पुढे मला एक आठवलं. अप्पा पाळीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी पडवीत जायचे. एखाद्या संध्याकाळी तिथून एकच 'ठक्' ऐकू यायचं. मग ते बाहेर येऊन चहा मागायचे. मी समोर बसून अभ्यास करत असायची.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी दारातच विचारलं, "विसावा जबडा कुठाय?" मी म्हटलं, आणला नाही. चौथ्या दिवशी अप्पांच्या हिरव्या व्हाइसवर एक बोल्ट कापत होते. मुद्दाम नाही, शपथेवर सांगते, हात थकलेला होता, करवत घसरली आणि लखलखीत जबड्यावर चांगला नखभर चरा पडला. माझ्याकडेही पंच आहे. उचलला, टोक टेकवलं, आणि खाली ठेवला. स्वतःची चूक स्वतः मोजायची रीत अप्पांची नव्हती.

खेमलालला फोन केला. सगळं सांगितलं.

"तुमी मारू नोका," तो म्हणाला. "धान निघू द्या. पंच घेऊन येतो मी."

आता त्याच कोल्हापूर–गोंदिया पाटीच्या गाडीची वाट बघते आहे. तो येईल, डावा पाय पुढे टाकून अप्पांसारखाच उभा राहील आणि माझा पंधरावा मारेल. मारू दे. पण तो पंच मी त्याला परत नेऊ देणार नाही.