सौंदडची आळशी ज्योत

"धूर मोजायला एवढ्या लांब कशाला? आपल्या गच्चीवर बंब आहे की," म्हणत बायकोने डबा हातात दिला आणि मी प्रदूषण मंडळाच्या तपासणीसाठी नागपूरहून निघालो. मांडीवर चिमणीतला वायू मोजायचं यंत्र, त्यावर डबा.

कोहमाऱ्याला ढाब्यावर चहा झाला. पुढे सौंदडपर्यंत जीप. दोन्ही बाजूंना पिकलेल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेले वाफे), मधूनच एखादी बोडी (लहान तलाव), तिच्यावर धुकं. जीप पुढे जाते आहे की शेतंच मागे वाहताहेत, कळेना. मी दोनदा पेंगलो.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारे देवाजी दारातच भेटले.

"भट्टी बंद कराले आले का जी?"

खोटं बोलवेना. चिमणीतले नायट्रोजन ऑक्साइड हद्दीबाहेर गेले होते. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही, तर भट्टी विझवायची होती. काचेची भट्टी एकदा गार झाली की तिच्या विटा तडकतात. ती पुन्हा उभी राहत नाही. देवाजींनी ती नऊ वर्षं विझू दिली नव्हती.

मी म्हणालो, "हवा जास्त, ज्योत कडक, म्हणून हा वायू होतो. हवा थोडी कमी करा. ज्योत लांब, आळशी होऊ द्या."

"आळशी कायले? काच कच्ची राहीन, बुडबुडे येतीन."

तरी त्यांनी झडप बोटभर फिरवली. दर खेपेला एक बाटली उजेडात धरून पाहायचे, मगच पुढचं बोट. दुपारपर्यंत आकडा हद्दीत आला.

पाळीवर येणारा प्रत्येक जण भट्टीत डोकावायच्या झरोक्याची वीट चिमट्याने काढी, आत पाहून "कशी आहेस, माय?" म्हणे आणि वीट परत लावी. देवाजींनी मलाही वीट काढून दिली, डोळ्यांपुढे धरायला निळी काच दिली आणि ते झडपेकडे गेले.

आत मधासारखी काच पसरली होती. तिच्यावर ज्योत पाण्यातल्या शेवाळासारखी हलत होती. किती वेळ गेला, देव जाणे. मी कुठल्याशा नदीकाठी होतो, आणि ती नदी ऊन होऊन वाहत होती.

यंत्राकडे परतलो तर आकडा पुन्हा चढलेला!

देवाजींचा चेहरा उतरला. "मी झडपेले हात नाही लावला जी."

त्यांनी उदबत्ती पेटवली आणि भट्टीच्या सांध्यासांध्यापाशी धरत फिरले. माझ्या झरोक्यापाशी धूर सरळ आत ओढला गेला. झरोका उघडाच होता.

"वीट कुठं हाय?"

वीट माझ्या डब्याखाली होती. गरमागरम जेवावं म्हणून मीच डबा तिच्यावर ठेवला होता.

"वा साहेब! आमाले हवा कमी करा म्हणता, अन् तुमी भट्टीले हवा पाजून राहिले!"

वीट जागेवर बसली. आम्ही दोघं यंत्रापुढे उकिडवे बसून राहिलो. ऊन कलायच्या आत आकडा उतरला, उतरलेलाच राहिला. माझ्या डब्यातली करपलेली पोळी मोडून अर्धी देवाजींनी खाल्ली.

परतताना बांध्यांवर तोच केशरी, संथ उजेड होता.

आता रोज बंब पेटवला की मी आत डोकावतो, हळूच "कशी आहेस, माय?" म्हणतो आणि झाकण लावतो. बायको मात्र मागून येऊन झाकण लागलंय का, ते एकदा पाहून जाते.