पाणी येत नाही, असं मी लिहून दिलं होतं

त्यानं माझं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. विचारलं नाही. "ए बाई, इकडे ये," एवढंच म्हणाला. कागदावर अंगठा उमटला तसा त्यानं माझा हात सोडून दिला आणि स्वतःची बोटं रुमालाला पुसली. शाई माझ्या अंगठ्याला होती. त्याच्या बोटांना काहीच लागलं नव्हतं.

मी दहावी पास आहे. आश्रमशाळेत शिकले. अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, तिथे रोज रजिस्टरवर सही करते. त्या दिवशी यातलं काहीच मी त्याला सांगितलं नाही.

आमची वाडी बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला. वाडीला लागून भाताची खाचरं होती, ती एका बिल्डरनं घेतली. पुराचं पाणी जिथवर येतं तिथवर सरकारच्या नकाशावर निळी रेष आहे. तिच्या आत इमारत बांधायची नाही, असा नियम. बिल्डरची जागा आतच. म्हणून इथं पाणी चढतच नाही, रेष चुकलीय, असं म्हणणारी इथली माणसं त्याला हवी होती. त्याच्या माणसानं वाडीतल्या पाच-सहा जणांना खाचरात बोलावलं. एक सरकारी साहेब खुर्ची टाकून बसले होते. आम्ही उन्हात उभे.

"इथं पूर येतो का?" साहेबांनी विचारलं.

माझी सासू पुढे झाली. तिला अक्षर येत नाही. "येतं ना पानी. त्या करंजाच्या फांदीला लागतं. मी डोल्यांनी बगलंय."

बिल्डरचा माणूस हसला. "आजी, तुमची उंची केवढी. तुम्हाला गुडघाभर पाणी पण पूरच वाटणार. साहेब, इनको क्या मालूम, आज तारीख कौनसी है वो भी नहीं बता पाएंगे." साहेबही हसले.

मग बिल्डरच्या माणसानं एकेकाचे अंगठे घेतले. सासूचा कुणी मागितलाच नाही. कागद साहेबांच्या मांडीवर, मला उलटा दिसत होता. तरी मी वाचला. 'सदर जागेत पुराचे पाणी येत नाही, असे स्थानिकांनी समक्ष सांगितले.' वाचलं आणि गप्प राहिले. माझा नवरा त्याच बिल्डरच्या डंपरवर होता. नंतर वडापाव वाटले. मी खाल्ला. सासूनं हातात घेतला नाही.

पुढं खाचरांत दोन पुरुष उंच भराव पडला. त्यावर बिल्डिंग उभी राहिली. नदीचं पाणी जाणार कुठं? पूर आला तेव्हा ते आमच्याकडे वळलं. एरवी अंगणातून मागे फिरायचं, ते भर दुपारी घरात शिरलं, छातीएवढं. शेळी दाव्याला बांधलेली होती, तिथेच मेली. सासूला नवऱ्यानं पाठीवर घेऊन टेकडीवरच्या शाळेत नेलं. ओल्या लुगड्यात बसून ती मला म्हणाली, "मला वाचता येत नाय, मी खरं बोलले. तुला येतं. तू काय केलंस?"

 मी तिच्या लुगड्याचा पदर पिळत राहिले.

या वर्षी तोच माणूस पुन्हा आला. दुसऱ्या बिल्डिंगसाठी. साहेब नवे, कागद तसाच. त्यानं माझ्या हाताकडे हात केला. मी हात मागे घेतला.

"आधी कागद द्या. वाचते."

"वाचता येतं तुला?"

"'तुम्हाला' म्हणा. मी तुम्हाला अरे-तुरे करत नाही."

सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा मी तो वाचला. मग साहेबांना म्हणाले, "हे खोटं आहे. मागच्या वेळी मी खोट्यावर अंगठा दिला, तेही लिहा." साहेब लिहीनात. मी पोरीच्या वहीचं पान फाडलं आणि स्वतः लिहिलं. आधी पाणी कुठवर यायचं, भरावानंतर कुठवर आलं, शेळी कुठे मेली. खाली सही केली.

बिल्डरचा माणूस जवळ आला. हळूच म्हणाला, "तुमच्या झोपड्या पण निळ्या रेषेतच आहेत, समझी? नियमावर बोट ठेवलंत तर पहिले तुम्हीच जाणार."

घर जाईल, अशी भीती वाटली. खोटं कशाला सांगू. पण तोंडातून निघालं, "मोजा. रेषेच्या आत कुणाचं किती, दोघांचंही मोजा."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं काम सुटलं. मी ते पान अर्जाला लावून कचेरीत गेले. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. परत गेले तर म्हणे हे काम या टेबलाचं नाही. कंपनीत तीन खाडे पडले. तिसऱ्या दिवशी शिक्क्याची पोच घेऊनच उठले.

बांधकाम थांबलेलं नाही. नोटीस मात्र आली. बिल्डरला नाही, आम्हाला. घरं पूररेषेत आहेत, खाली करा. वाडीतली काही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, हिनंच आमची घरं घालवली.

आता त्या नोटिशीवर सुनावणी आहे. मी जाणार. माझं घर रेषेच्या आत आहे, हे मी लपवणार नाही. रेष मारायच्या आधीपासून आम्ही तिथं आहोत, हेही सांगणार. नियम लावायचा तर आधी त्यांचा भराव उचला, आधी त्यांच्या भिंती उतरवा. तोवर माझ्या घराच्या कुडाची एक काठी मी कुणाला काढू देणार नाही.