मिशीवरची आंबील

यंदाच्या येळवसेला, म्हणजे शेतात पांडव पुजायच्या अमावास्येला, नैवेद्याआधीच मी चोरून आंबील प्यायलो, पिता पिता मडकं फोडलं आणि आळ घातला भावाच्या नऊ वर्षांच्या पोरीवर. माझी चाळिशी उलटलेली आहे. मुरुमला हार्डवेअरचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं मला शहाणा समजतात.

आळ घातला तोही वहिनींच्या समोर, हे माझं दुर्दैव. आमच्या उभ्या तालुक्यात वहिनींइतकी जबर आई नाही, आणि त्यांनी आजवर पोरांवर बोटसुद्धा उगारलेलं नाही. इतर घरांत पोरानं खोडी काढली की धपाटा बसतो, पोर रडतं आणि चहा उकळायच्या आत प्रकरण मिटतं. वहिनींकडं ती सोय नाही. त्या शेंगांचं टोपलं घेऊन पोराशेजारी येऊन बसतात, सोलायला लागतात आणि हळूच विचारतात, "काय झालं हुतं तवा?" बस्स, पुढं गप्प. पोर खोटं बोललं तरी मान डोलावतात आणि दुसरी शेंग उचलतात. टरफलांचा ढीग वाढत जातो तसतसं पोराचं तोंड उतरत जातं. त्यांच्या धाकट्या पोरानं एकदा शेजारणीची कोंबडी बादलीखाली कोंडली, तेव्हा अर्धं टोपलं सोलून झाल्यावर तो हुंदके देत म्हणाला, "आई, एकदा मार की. सुटंन तरी." वहिनींनी मारलं नाही. अंडं येतं कसं ते त्याला बघायचं होतं, हे बाहेर आलं; मग मायलेकरं शेजारणीची माफी मागून तिच्याच खुराड्यासमोर अंडं पडेपर्यंत बसून राहिली. या पद्धतीची मी भरपूर टिंगल केलेली आहे. अशानं पोरं डोक्यावर बसतील, असं मी दर सणाला वहिनींना सांगत आलो, तेही त्यांच्याच हातचं जेवता जेवता.

तर येळवस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव आणि शेजारी मडक्यात ताकातली, ज्वारीच्या पिठाची गार आंबील. दादा-वहिनी विहिरीकडं गेलेले. माझा घसा उन्हानं वाळलेला. मी मडकं उचललं आणि थेट तोंडाला लावलं. दुकानात सिमेंटची गोणी एकट्यानं उचलणारा मी, पण मडकं निसटलं. आंबील पांडवांच्या पायापर्यंत पोचली. आवाज ऐकून वहिनी आल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चिमीनं शेळी सोडली, वहिनी. शेळीनं पाडलं."

चिमी कोपेच्या तोंडाशीच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. माझ्याकडं एकदा बघितलं, मग शेळीकडं. पलीकडं शेळी बोरीला बांधलेली, निवांत रवंथ करत. वहिनींनी शेळी पाहिली, खापऱ्या पाहिल्या, माझी मिशी पाहिली. मग तुरीच्या शेंगांचं टोपलं उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"काय झालं हुतं तवा, भावजी?"

मी म्हणालो, शेळी. त्यांनी मान डोलावली आणि एक शेंग सोलली.

आंबिलीशिवाय नैवेद्य नाही, पिकावर शिंपण नाही. वहिनींनी तांब्या माझ्या हाती दिला. शेजारच्या शेतांतून मागून आणा, चिमी येईल संगं, म्हणाल्या. येळवसेला आंबिलीला कुणी नाही म्हणत नाही, पण तुमची कुठं गेली हे जो तो विचारतो. पहिल्या शेतात मी नुसतं 'सांडली' म्हणालो. तिथली म्हातारी तांब्यात थोडी ओतत चिमीकडं बघून म्हणाली, "ह्या धांदरटीनंच पाडली असंल." चिमीनं मान खाली घातली. वहिनींनी मला एकदा धपाटा घातला असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या बांधावर जेवायला बसलेल्या पंगतीनं तोच प्रश्न केला. "म्याच पाडली," मी म्हणालो, "चोरून पिताना." पंगत हसत सुटली. त्यांनी तांब्या काठोकाठ भरून दिला. मग मी मागं फिरलो आणि म्हातारीलाही सांगून आलो. तिचं हसणं पार आमच्या कोपेपर्यंत ऐकू येत होतं.

वहिनी अजून सोलतच होत्या. मडकं माझ्या हातून फुटलं, आणि मी तुमच्या पोरीचं नाव घेतलं, असं मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी नैवेद्य दाखवला, आंबिलीचा पेला माझ्यापुढं ठेवला. लहानपणी मला धपाटे पुष्कळ मिळाले. असं शेजारी येऊन कुणी बसल्याचं मात्र आठवत नाही.

"बसा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "कळायला येळ लागतो माणसाला."

"शेळीला एवढा न्हाय लागत," चिमी म्हणाली.