पाठीशी बसणारे माधवरावजी

सुशीलावहिनींचा गुडघा आता कसा आहे? अर्जुनी मोरगावच्या गुरुजींची साखर ताब्यात आली काय? या गौरवग्रंथाच्या संपादकांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर नीट दिसते ना? माझा दमा आहे तसाच आहे. आणि ज्यांच्या पंच्याहत्तरीसाठी हा ग्रंथ निघून राहिला, त्या माधवरावजींची प्रकृती? हे मात्र आमच्या केशोरी गावात कोणालाच सांगता येत नाही. परदेशातून त्यांचा फोन येऊन बारा दिवस झाले.

त्यांची माझी ओळख पाण्यावरून झाली. मी गावचा नवा पाणकर, शेतोशेती पाणी सोडणारा. ते दिल्लीहून, परराष्ट्र खात्यातून, सुटीवर आलेले. वरच्या गावच्या तलावाचे पाणी आधी आमच्याकडे येते, शेवटी टोलीला, म्हणजे खालच्या वस्तीला, जाते. टोलीचा मुखिया पाण्याची पाळी मागायला वर जातो, तेव्हा आमचा एक माणूस त्याच्या पाठीशी बसतो. बोलत नाही, नुसता बसतो. टोली एकटी नाही, एवढे वरच्यांना कळले की झाले. त्या वर्षी पाठीशी मी होतो. मुखिया अडखळला आणि मला धीर निघाला नाही. मीच बोललो, पाळी घेऊन ऐटीत परतलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माधवरावजी भेटले.

"काऊन गा, त्याले तोंड नोहोतं काय?"

"पानी तं भेटलं ना, दादा!"

"भेटलं. पन आता त्याले कोन इचारंल?"

तसेच झाले. पुढच्या वर्षी वरच्यांनी निरोप मुखियाला नाही, मला धाडला. ती चूक निस्तरायला मला तीन वर्षे मुक्याने बसावे लागले.

माधवरावजींनी जन्मभर हेच काम केले. एखाद्या लहान मित्रदेशाला तिसऱ्या देशाशी संबंध जोडायचे असले, की आपले सरकार त्यांना पाठीशी धाडी. समोरचे साहेब प्रश्न यांनाच विचारत. मग हे खिशात चष्मा शोधत बसत, लहान देशाचा प्रतिनिधी स्वतः उत्तर देईपर्यंत. चष्मा नाकावरच असे.

माझी पत्नी नागपूरच्या दवाखान्यात होती, तेव्हा ते तीन दिवस बाकावर बसून होते. डॉक्टर त्यांचा कोट पाहून त्यांच्याशीच बोलू लागले. "घरधनी हे आहेत," म्हणून त्यांनी मला पुढे केले. मग बोललो मीच.

आता या वयात सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. एका बेटावरच्या मित्रदेशाशी संबंध तोडा म्हणून त्याचा बलाढ्य शेजारी देशोदेशी दडपण आणतो आहे. बेटाचे लोक दारोदार बोलणी करतात आणि आपले माधवरावजी मागच्या खुर्चीवर. बोलणी चालली होती त्या देशात दंगे झाल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हापासून फोन बंद. दिल्लीला विचारले, तर "सर्व सुखरूप" एवढेच उत्तर. परवा माधवरावजींच्या घरी सुशीलावहिनी तांदूळ निवडता निवडता थांबल्या.

"भाऊजी, फोटोत सारे पुढचेच दिसतेत. मांगं बसलेल्याले काई झालं, तं कोन सांगंल?"

मी सूप पुढे ओढले आणि खडे वेचू लागलो.

माधवरावजी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे-डोळे शाबूत राहोत, शंभरीला तलावाच्या त्याच पाळीवर माझी खरडपट्टी काढायला तुम्ही उभे असा. मागे बसून गप्प राहायचे तुम्हीच शिकवले, ते मी पाळले. पण हे घर आहे, दादा, बैठक नाही. इथे तुम्हीच बोलायचे. हा लेख पोचताच दोन ओळी लिहा, लवकर लिहा. वहिनी दारातच बसून राहिल्या आहेत. मी त्यांच्या मागे बसलो आहे.