आदी पत्ता बगायचा

पलूसला आमच्या बँकेच्या दारात एक माजी सैनिक रखवालदार आहे. बँकेच्या नावाचा मेल आला म्हणून कुणी घाबरून आत शिरलं, की तो मोबाईल मागून घेतो आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचतो. "नाव कुणीबी लावंल. आदी पत्ता बगायचा." फौजेत गेटवर ओळखपत्रं तपासायचा, अगदी तसंच. त्याच्या इंग्रजी उच्चारांना मी, निवृत्त इंग्रजी शिक्षक, उघड हसायचो.

काल 'खातं आज बंद होईल' असा मेल आला आणि मी घाईघाईनं पासवर्ड भरून मोकळा झालो. आज बँकेत धावलो, तेव्हा रखवालदारानं माझ्या मोबाईलवर बोट फिरवलं. पत्त्यात बँकेचं नावच नव्हतं.

रांगेतला माझा जुना विद्यार्थी वळला. "सर, तुमी फसला व्हय?"

"सर कशाला फसत्यात?" रखवालदार म्हणाला. "शेजाऱ्याचं काम घिऊन आल्यात."

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "लोकांना नीट वाचायची सवयच नाही!"

"व्हय सर," म्हणत त्यानं खातं थांबवायचा अर्ज माझ्या हातात दिला. कुणाला दिसू नये म्हणून त्याची आधीच घडी घातली होती.