तांदळाएवढा तुकडा

पॅथॉलॉजीत ताईचा हात म्हणजे हात! गाठीचा तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे केसाहून पातळ पापुद्रे कापायचे, तीस वर्षं हेच काम. दुसऱ्या कुणाचं काम बघून ती नाक मुरडायची, "काकडी चिरलीत का?" खरं सांगायचं तर तिच्यासारखं कापणारं तिथं कुणी नव्हतंच. आणि तिथंच घात झाला.

तिचा धाकटा भाऊ बस चालवायचा. लघवीतून रक्त गेलं, तपासलं तर मूत्राशयात कॅन्सरची गाठ. डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या: मूत्राशय काढून जन्मभर पोटाला पिशवी, नाहीतर रेडिएशन. पण रेडिएशन कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. गाठीतल्या एका प्रथिनावरून ते आधी ताडता येतं का, हे बघायचं काम ताईच्याच पॅथॉलॉजीत नुकतंच सुरू झालं होतं. काचेवरचा पापुद्रा तपकिरी रंगला तर आशा जास्त, फिका राहिला तर कमी.

"पिशवी लावून बस चालवू होय?" भाऊ हसला. "पण तुझी काच नाही म्हणाली तर निमूट ऑपरेशन करून घेईन. ताई, तू सांगशील ते."

पहिल्या तपासण्यांनंतर तुकडा उरला होता तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "घरचं माणूस आहे, मी कापते." ताईनं तिला हात लावू दिला नाही. पहिला पापुद्रा जरा चुरगळला. चालला असता, पण भावाच्या तुकड्याला 'चालेल' कसं म्हणायचं? तो टाकून तिनं दुसरा काढला, मग तिसरा; तेही मनाला येईनात म्हणून टाकले. मग पात्यावरून नुसतं मेण यायला लागलं. तुकडा संपला होता.

पुन्हा तुकडा काढायचा तर पुन्हा भूल, पुन्हा रक्त. कुठल्या तोंडानं सांगणार? ती भावाला म्हणाली, "त्या तपासणीचं काही खरं नाही रे. तुझ्या मनाला येईल ते कर."

त्यानं अर्थातच रेडिएशन घेतलं. गाठ काही बधली नाही. वर्षाच्या आत दुखणं हाडांत उतरलं.

शेवटी ताई रोज त्याच्या उशाशी बसायची. एका दुपारी चमच्यानं पाणी पाजताना तिला राहवेना. "मी खोटं बोलले रे. तपासणी झालीच नाही. तुझा तुकडा माझ्याच हातून संपला."

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बिचारीला सोसलं असतं.

"मागायचंस ना, ताई," तो म्हणाला. "दुसरा दिला असता मी."