अयोग्य जलमाया

जलमाया रोका, स्त्री, राहणार रोल्पा. युद्धकालीन नाव: कॉम्रेड झिल्का. ओळखीची खूण: डाव्या पोटरीत छर्रा, काढलेला नाही. भरतीवेळचे वय: बारा. पडताळणीचा निष्कर्ष: अयोग्य.

आंतरराष्ट्रीय कायदा मोठा हळव्या मनाचा. मुलांना लढाईत उतरवू नये, असं त्याचं ठाम मत आहे. ते जलमायाच्या कानी पडलं तेव्हा लढाई संपली होती. बंडखोर पक्षवाल्यांनी गाण्याचा कार्यक्रम आहे सांगून तिला शाळेतून उचललं, त्या दिवशी कायदा जिनिव्हातच होता. आमचा चढ त्याला झेपत नसावा. शांतता झाल्यावर मात्र निळ्या जाकिटांतले परदेशी साहेब लढवय्यांच्या शिबिरात पडताळणीला आले. त्यांनी वयं विचारली आणि जे लहान निघाले, त्यांना सैनिक म्हणून अयोग्य ठरवलं. तिच्या हाती बंदूक देणारा कमांडर त्याच रांगेत उभा होता. त्याचं वय भरत होतं. तो योग्य ठरला.

अयोग्यांना घरी पाठवताना झेंडूच्या माळा घातल्या. संरक्षण ते हेच.

तो शब्द तिच्याआधी गावात पोचला. लालबीर पुन याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याची आई धनसरी अडून बसली. "साहेबांनी तपासून अयोग्य म्हटलंय. म्हणजे कूसच नाही. माझ्या घरात पाळणा कोण हलवणार?"

जलमाया तडक जिल्ह्याच्या गावी गेली आणि बालसंरक्षणाच्या साहेबाला, नवराज सरांना, डोंगर चढवून घेऊन आली. सर धापा टाकत ओसरीवर टेकले. धनसरीने घरी आंबवलेल्या जाँडचा कटोरा पुढे केला.

"आमा," सर म्हणाले, "अयोग्य म्हणजे तिचा दोष आहे असं नाही."

"दोष नाही, तर अयोग्य कशाला म्हणता?"

"तो पारिभाषिक शब्द आहे."

"असेल. मूल होईल का, तेवढं सांगा."

"ते आमच्या कार्यकक्षेत येत नाही."

"मग तपासलं काय तुम्ही?"

"वय."

"नुसतं वय?"

"आमा, ती लहान होती. लहान मुलं कायद्याने अयोग्यच."

धनसरी पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "अगं बाई! मी चौदाव्या वर्षी या उंबऱ्यात सून म्हणून आले. म्हणजे मीपण अयोग्य?"

सरांनी विचार केला. "कायद्याने पाहिलं तर… हो."

"ऐक रे लालबीर! तू अयोग्य बाईच्या पोटचा!" डोळे पुसत ती जलमायाकडे वळली. "आणि तू गं, यांना कशाला घेऊन आलीस? यांना काय कळतंय? जा, आत जाऊन चुलीवरचा ढिंडो ढवळ, पीठ लागेल बुडाला."

वैशाखात लग्न झालं. निवाडा अजून बदललेला नाही. दफ्तरी जलमाया आजही अयोग्य आहे.

तिला तीन मुलं आहेत.